नमुना म्हणजे माल नव्हे: अजून घडत असलेल्या स्मार्ट मटेरिअलवर काम करायचा क्रम

डिझाइनच्या विद्यार्थ्यांचे शेवटचे प्रोजेक्ट जमा व्हायचे दिवस आले, की माझ्या साकीनाक्याच्या गाळ्यावर दरवर्षी एकच तक्रार येते: "सर, सॅम्पल आलं तेव्हा चालत होतं, आता चालत नाही." नोकरीतले डिझायनरही हेच घेऊन येतात, फक्त त्यांना सोमवारी क्लायंटला दाखवायचं असतं. हातात सुबक थ्रीडी प्रिंट आणि त्यात बसवलेली निटिनॉलची तार (तापवली की आकसणारी मिश्रधातूची तार), रंग बदलणारी पट्टी किंवा पीझो फिल्म (दाबली-वाकवली की वीज देणारी) निपचित पडलेली. दोन प्रश्न विचारले की कळतं, क्रम उलटा झालाय. आधी वस्तू रेखाटली, मग तिच्यात मटेरिअल कोंबलं आणि त्याचा स्वभाव सगळ्यात शेवटी पाहिला.

गोणीनं मिळणाऱ्या प्लास्टिकला हा क्रम चालून जातो. एकाच ग्रेडच्या पॉलिप्रॉपिलिनची आजची गोण आणि दोन महिन्यांनंतरची गोण सारखीच वागते. प्रयोगशाळेत घडत असलेल्या मटेरिअलची दुसरी बॅच पहिलीसारखी निघेल, याची हमी ते बनवणाराही देत नाही. म्हणून खालचे टप्पे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो: ऑफिसला न्यायचा स्टीलचा डबा. आतलं जेवण अजून गरम आहे का, हे झाकणावरची पट्टी रंगानं सांगेल, अशी कल्पना आहे.

## आधी टेबलावर काय हवं

- थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावता येणारा मल्टिमीटर. लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो.
- तापमान आणि आर्द्रता दाखवणारे दोन छोटे मीटर. दोन अशासाठी, की स्वस्तातल्या मीटरांचं आपसात पटत नाही.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा.
- हवाबंद डबे, झिपलॉक पिशव्या, सिलिका जेलच्या पुड्या.
- मोबाइल एकाच जागी धरणारा स्टँड आणि एक पांढरं कार्ड.
- बांधीव वही. सुटे कागद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो महिन्याभरानं कोणालाच सापडत नाहीत.

## टप्पा १: मटेरिअलचं क्रियापद लिहा

वस्तूचं चित्र काढायच्या आधी वहीत चार रकाने आखा: कशानं, काय होतं, किती वेळात, परत कसं. आपल्या पट्टीचं असं होईल: ठरावीक तापमानाच्या वर गेलं की निळा रंग जातो; काही सेकंदांत; थंड झालं की परत येतो.

पहिले दोन रकाने सगळे भरतात. चौथा बहुतेक वह्यांत कोरा असतो आणि प्रोजेक्ट तिथंच अडकतं. थर्मोक्रोमिक, म्हणजे तापमानानं बदलणारा, रंग ज्या तापमानाला जातो, त्याच तापमानाला परत येत नाही. काही अंश आणखी खाली उतरावं लागतं. निटिनॉलची तार वीज दिल्यावर सेकंदाभरात आकसते, पण सैल व्हायला तिला थंड व्हावं लागतं आणि ते तुमच्या हातात नसतं, हवेच्या हातात असतं. उष्णता साठवणाऱ्या कापडांत २८ अंशांच्या आसपास वितळणारं मेण वापरतात. ते रात्री पुन्हा गोठलं तरच दुसऱ्या दिवशी कामाला येईल. मे महिन्यात दादरच्या बिनएसी खोलीत रात्रभर पारा २८च्या वरच राहिला, तर ते मेण सकाळीही वितळलेलंच असणार.

इथं मी स्वतःही आपटलोय. रंग बदलणाऱ्या पट्ट्यांचं पाकीट एकदा मे महिन्यात कुरिअरनं आलं. उघडलं तर आत कोरे पांढरे कागद. पाठवणाऱ्यांना फोनवर चार शब्द सुनावले. संध्याकाळी ते पाकीट सहज एसीखालच्या टेबलावर राहिलं आणि तासाभरात पट्ट्या निळ्याशार झाल्या. रंग ३१ अंशांच्या वर जाणारा होता. बोटाच्या उबेनं रंग जावा म्हणून हा आकडा सर्रास वापरतात आणि थंड देशातल्या खोलीत तो छान चालतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची हवाच ३१च्या वर असते. चार शब्द मला परत घ्यावे लागले.

तपासा: चारही रकान्यांत आकडा आणि एकक आहे का? "लवकर", "थोडं गरम" असं काही असेल तर खोडा आणि मोजून लिहा. मोजता येत नसेल तर तिथं प्रश्नचिन्ह करा. पुढच्या टप्प्यात तेच प्रश्न विचारायचे आहेत.

## टप्पा २: बनवणाऱ्याला योग्य प्रश्न विचारा

नवं तंत्रज्ञान किती पिकलंय हे १ ते ९ अशा पायऱ्यांवर मोजायची पद्धत नासामधून आली आणि आता सगळीकडे चालते. १ म्हणजे नुसतं मूलतत्त्व दिसलं, ९ म्हणजे प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालं. डिझायनरच्या हाती येणारे नमुने बहुधा ३ ते ५च्या मधले असतात. पण संशोधकाला नुसती पायरी विचारून भागत नाही. शोधनिबंधात "स्थिर" असा शब्द आला, तर तो त्या प्रयोगाच्या मुदतीपुरता आणि त्या खोलीपुरता असतो. तुम्ही तो "पाच वर्षं टिकेल" असा वाचता.

पवईची आयआयटी असो की माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, भेटीला जाताना मी हे प्रश्न नेतो:

1. आजवर हे एकूण किती ग्रॅम बनलंय आणि किती बॅचमध्ये?
2. मला मिळणारा तुकडा कोणत्या बॅचचा आणि किती जुना?
3. खोलीचं तापमान आणि आर्द्रता किती असताना मोजलं?
4. ते कशानं मरतं? उष्णता, पाणी, ऊन, सॉल्व्हंट (थिनरसारखं द्रावक), की वारंवार वाकवणं?
5. यातलं काय बदलता येईल आणि काय कधीच बदलणार नाही?
6. हे नेमकं कोण बनवतं? बनवणारा विद्यार्थी पुढच्या वर्षी संस्थेत असेल का?

सहावा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. पीएचडी संपली आणि त्याबरोबर मटेरिअलही संपलं, असं झालेलं मी पाहिलंय.

एक विनंती मात्र मी नेहमी तोंडी करतो: "मॅडम, तुमच्याकडचा सगळ्यात जुना तुकडा बघायला मिळेल का?" खणातून निघालेला तो पिवळट, कडा सोललेला तुकडा डेटाशीटपेक्षा जास्त सांगतो.

सावध: त्यांच्यापुढे प्रॉडक्टचं सुंदर चित्र ठेवू नका. चित्र दिसलं की समोरचा माणूस भिडेनं "होऊन जाईल" म्हणतो. चार रकान्यांचं पान ठेवा.

## टप्पा ३: बोलण्याआधी कागद

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात. भारतीय पेटंट कायद्यात शोध जाहीर झाला की, काही मोजके अपवाद सोडता, त्याचं नावीन्य गेलं. इन्स्टाग्रामवर टाकलेला डेमोचा व्हिडिओसुद्धा जाहीर करणंच ठरतं, आणि त्यात नुकसान तुमच्याइतकंच संशोधकाचंही होतं. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज केला, तर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण अर्ज ऑनलाइन भरता येतो. भारतात राहणाऱ्यानं परदेशात अर्ज करायचा असेल, तर आधी इथं अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं, नाहीतर परवानगी घ्यावी लागते. वस्तूच्या बाह्य रूपाची नोंदणी वेगळी, २०००च्या डिझाइन्स कायद्याखाली. ती १० वर्षं टिकते आणि पुढं ५ वर्षं वाढवता येते. तीही जाहीर करण्याआधीच करायची.

नमुना देण्याच्या करारात तीन गोष्टी शोधा: तो कापता येईल का, दुसऱ्या लॅबमध्ये तपासायला देता येईल का, आणि वापरातून निघालेली नवी कल्पना कोणाची. दुसरी गोष्ट बहुतेक जण वाचतच नाहीत. परवानगी नसताना तुकडा बाहेर तपासायला पाठवला, तर तो करारभंग ठरू शकतो आणि पुढचा नमुना मिळणं बंद होतं.

## टप्पा ४: नमुना हातात आला, की तीन वाटण्या

पाकीट फोडायची घाई नको. आधी बंद पाकिटाचा फोटो, मग तारीख, खोलीचं तापमान, आर्द्रता. नंतर उघडा, वजन करा, मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो काढा आणि तीन वाटण्या करा.

पहिली वाटणी राखीव. तिला हात लावायचा नाही. सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डब्यात, अंधारात. झाकणावर बॅच आणि तारीख. दुसरी मोजायची, तिच्यावर सौम्य चाचण्या. तिसरी मारायची. ती उकळा, वाकवा, उन्हात टाका, साबणानं घासा.

नमुना इवलासा असला तरी वाटणी चुकवू नका. दोन सेंटिमीटरची पट्टी असेल, तर निम्मी राखीव ठेवा. डेमोच्या हौसेपायी सगळा नमुना मॉडेलमध्ये चिकटवणारे डिझायनर नंतर "आधी असं नव्हतं" म्हणतात, आणि "आधी" कसं होतं हे दाखवायला त्यांच्याकडे काही उरलेलं नसतं.

## टप्पा ५: मुंबईच्या हवेत मोजा

इथं वेळ घालवा. बाकी सगळे टप्पे मिळून लागेल तेवढा एकट्या या टप्प्याला लागला, तरी हरकत नाही.

जागेचं तापमान आधी. पट्टी जिथं बसणार तिथलं तापमान मोजा, जेवणाचं नव्हे. डबा भरा, थर्मोकपल झाकणाच्या बाहेरच्या बाजूला टेपनं चिकटवा आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहा. एकेरी स्टीलचं झाकण जेवणापेक्षा बरंच थंड असतं. दुहेरी भिंतीच्या इन्सुलेटेड डब्याचा बाहेरचा पत्रा तर जवळजवळ खोलीइतकाच राहतो. त्यासाठीच तो बनवलेला असतो. तिथं बाहेर लावलेल्या पट्टीला आतल्या वरणाचा पत्ताच लागणार नाही. हे अर्ध्या दिवसात कळतं आणि महिन्याचं काम वाचवतं. रंगाचं तापमान हे आकडे हातात आल्यावर निवडायचं.

जाण्याचं आणि येण्याचं तापमान. पट्टी झिपलॉकमध्ये घाला, हवा काढा, पाण्याच्या पातेल्यात बुडवा, शेजारी थर्मोकपल. मंद आचेवर पाणी तापवत न्या, मोबाइलवर व्हिडिओ चालू. मग गॅस बंद करून तसंच निवू द्या, व्हिडिओ तसाच चालू. रंग कोणत्या आकड्याला गेला आणि कोणत्या आकड्याला परतला, हे दोन्ही लिहा. अचूक आकडा हवाच असेल तर डीएससी ही चाचणी (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणारी) करून घ्या. तिला काही मिलिग्रॅम पुरतात आणि आयआयटीच्या सैफ या तपासणी-यंत्रांच्या केंद्रासारख्या ठिकाणी फी भरून बाहेरच्यांनाही चाचण्या करून मिळतात. टप्पा ३मधली परवानगी तेवढी आठवा.

दमटपणा. जुलैत सादळलेला पापड आठवा. बऱ्याच पॉलिमरांचं, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थांचं, तेच होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. आकार लक्षात ठेवणारे पॉलियुरेथेन ओलावा पितात आणि त्यांचं मऊ होण्याचं तापमान खाली घसरतं. ५५ अंशांना आकार बदलेल म्हणून घेतलेला तुकडा पावसाळ्यात त्याच्या बराच आधी ढिला पडू शकतो.

हे तपासायला महागडं चेंबर लागत नाही. हवाबंद डब्यात एका वाटीत मीठ घ्या आणि पाणी इतकंच घाला, की ते ओल्या वाळूसारखं दिसेल. सगळं विरघळता कामा नये. झाकण लावून रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. मिठाऐवजी पोटॅशिअम क्लोराइड घेतलं तर सुमारे ८४ टक्के, मॅग्नेशिअम क्लोराइड घेतलं तर सुमारे ३३ टक्के. ही दोन्ही प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलच्या दुकानांत विचारा. तीन डबे म्हणजे कोरडी एसी खोली, रोजची मुंबई आणि जुलै. प्रत्येकात एकेक तुकडा जाळीवर ठेवा, ओल्या मिठाला शिवू न देता. आठवड्यानं वजन करा आणि पातेल्याची चाचणी पुन्हा करा. वजन वाढलं म्हणजे पाणी आत शिरलंय.

तपासा: दोन्ही मीटर आधी ७५ टक्क्यांच्या डब्यात रात्रभर ठेवा. जो मीटर तिथंच ६५ दाखवतो, त्याची चूक झाकणावर लिहून ठेवा किंवा त्याला रजा द्या.

ऊन. खिडकीत पट्टी ठेवा, अर्धी अ‍ॅल्युमिनिअम फॉइलनं झाकून. दोन-तीन आठवड्यांनी फॉइल काढून दोन्ही अर्ध्या शेजारी बघा. थर्मोक्रोमिक रंगांना अतिनील किरणं सोसत नाहीत. हा दोष आधी दिसला तर बरा. घरोघरी दिलेल्या डब्यांवर दिसला तर महागात पडतो.

फेऱ्या. चालू-बंद, चालू-बंद किती वेळा? रिले (विजेनं चालणारा स्विच) आणि आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) जोडा, रात्रभर चालू द्या. निटिनॉलवाल्यांनी तीन आकडे पाठ करावेत. भरपूर फेऱ्या हव्या असतील, तर तार तिच्या लांबीच्या ४ टक्क्यांपेक्षा जास्त आकसेल असं डिझाइन करू नका. म्हणजे २० सेंटिमीटर तारेतून ८ मिलिमीटर. इथं लोक पाच सेंटिमीटर उघडणाऱ्या पाकळ्या काढून आणतात. तेवढं हवं तर तरफ लावावी लागेल आणि तेवढं बळ कमी होईल. दुसरा: ०.१५ मिलिमीटरच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ५५ ओम असतो आणि तिला साधारण ४०० मिलिअँपिअर लागतात. यावरून बॅटरीचं गणित चित्र काढायच्या आधीच करता येतं. तिसरा: तार ७० अंशांना आकसणारी आणि ९० अंशांना आकसणारी, अशी मिळते. आपल्या हवेत ९०ची घ्या. हवा आणि तार यांत फरक जास्त, म्हणून ती लवकर निवते. शिवाय उन्हात उभ्या गाडीत आपोआप आकसण्याची भीती कमी. अर्थात ती तापतेही जास्त, म्हणून बोट लागेल अशा जागी ठेवू नका.

सावध: नव्या तारेच्या पहिल्या काही डझन फेऱ्यांवरून निष्कर्ष काढू नका. तार बसायला वेळ घेते. मोजणी त्यानंतर सुरू करा.

## टप्पा ६: सोंग वठवा

मटेरिअल तयार नसताना माणसांची प्रतिक्रिया कशी बघायची? त्याचं सोंग करून. २०१३मध्ये युरोपात सुरू झालेल्या लाइट.टच.मॅटर्स या प्रकल्पात डिझायनर आणि संशोधक मिळून पीझो प्लास्टिक आणि लवचीक ओलेड (वीज दिली की स्वतः उजळणारा पातळ थर) एकत्र आणत होते. मटेरिअल पुरतं हाती नसताना त्याच्या वागण्याची कल्पना आधी करावी लागते, ही तिथलीही अडचण. तारेच्या जागी सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) लावा, चमकणाऱ्या पडद्यामागे साधा एलईडी, नाहीतर टेबलाखालून दोरी ओढणारा मित्र. फक्त सोंगाचा वेग टप्पा ५मध्ये मोजलेलाच ठेवा. मटेरिअलला परतायला चाळीस सेकंद लागत असतील आणि सोंग दोन सेकंदांत परतत असेल, तर तुम्ही स्वतःलाच फसवताय.

डब्याचं सोंग सोपं: एक निळं झाकण, एक पांढरं, जेवणाच्या सुट्टीत हळूच अदलाबदल. आम्ही ते केलं आणि पहिल्याच दिवशी प्रोजेक्टची दिशा फिरली. कोणी रंगाकडे बघितलंच नाही. सगळ्यांनी सवयीनं डब्याला तळहात लावला. गरम आहे की नाही हे हाताला फुकटात कळतं. लोक विचारत होते ते वेगळंच: "सकाळी सातला भरलाय, मध्ये किती वेळ कोमट पडून होता? खाल्लेला चालेल ना?"

या प्रश्नाला परत येणारा रंग उपयोगाचा नाही. डबा मध्ये कोमट होऊन गेला हे लक्षात ठेवणारी, न परतणारी खूण हवी. अशी खूण भारतातल्या प्रत्येक आरोग्यसेविकेला पाठ आहे. पोलिओ लशीच्या कुपीवर वर्तुळात एक चौकोन असतो. कुपीला जसजशी उष्णता लागत जाते तसतसा तो गडद होतो आणि कधीच परत फिकट होत नाही. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की लस वापरायची नाही. तिच्या चौथ्या रकान्यात मुद्दाम लिहिलेलं असतं: परत येत नाही.

म्हणजे आम्ही दोन महिने चुकीच्या मटेरिअलवर घालवणार होतो. ते एका जेवणाच्या सुट्टीत वाचलं. पण न परतणारी पट्टी म्हणजे रोज नवी पट्टी. मग ती कोण लावणार, किती पैशांची, कचरा कुठं? क्लायंटनं शेवटी परत येणारा रंगच ठेवला, पण हेतू बदलला: हातात घेण्याआधी "झाकण चटका देईल" हा इशारा. शाळेतल्या मुलांच्या डब्यासाठी. हाताला जे आपोआप कळतं ते सांगण्यापेक्षा, हात लावायच्या आधी सांगायचं. मला हा बदल पटला.

## टप्पा ७: आता आकार, आणि आकारात आधी जोड

वस्तू रेखाटायची वेळ आता आली. सुरुवात मटेरिअल आणि बाकीची वस्तू जिथं भेटतात तिथून करा, कारण तुटतं ते तिथंच.

- निटिनॉल साध्या सोल्डरला दाद देत नाही. वरचा ऑक्साइडचा थर धरू देत नाही. टोकं क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या नळीत घालून दाबा. छोट्या नळ्या आणि क्रिम्पिंगचा पाना नागदेवी किंवा लोहार चाळीत मिळतो.
- पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या पीझो फिल्मवर सोल्डरिंग आयर्न टेकवू नका. ८० अंशांच्या वर ती तिची संवेदना गमावू लागते. क्रिम्प कनेक्टर किंवा चालक (वीज वाहणारी) टेप वापरा.
- चालक धागा शिवणीच्या घडीत तुटतो आणि धुलाईगणिक त्याचा रोध वाढत जातो. रोध पहिल्या धुण्याआधी आणि दहाव्या धुण्यानंतर मोजा. घामाची प्रमाणित चाचणी हवी असेल तर घाटकोपरची बीटीआरए आणि वरळीची ससमीरा या कापडाच्या संस्थांकडे चौकशी करा.
- थर्मोक्रोमिक रंग सॉल्व्हंटनं मरतो, कारण तो काही मायक्रॉनच्या कॅप्सुलांत भरलेला असतो आणि कवच फुटलं की खेळ खलास. म्हणून शाईचा आधार विचारून घ्या. पाण्यावर आधारलेली शाई सुरक्षित बाजूला असते.

दुसरं, मटेरिअल काढून बदलता येईल अशी जागा ठेवा. आमच्या झाकणाला पट्टीसाठी उथळ खाच आहे, ठरलेल्या जाडीपेक्षा थोडी जास्त खोल. पुढची बॅच जाड निघाली तरी साचा बदलावा लागत नाही. पट्टी झाकणातच ओतून घेतली असती, तर बॅचगणिक नवं झाकण करावं लागलं असतं.

सावध: या रंगांच्या बऱ्याच प्रकारांत बिस्फेनॉल ए हे रसायन वापरतात आणि कॅप्सुलची कवचं मेलामाइन-फॉर्मल्डिहाइडची असतात. जेवणाला लागेल अशा बाजूला हा रंग कदापि नको, बाहेरच्या बाजूलाही सुरक्षा पत्रक वाचल्याशिवाय नको. निटिनॉलमध्ये जवळजवळ निम्मं निकेल असतं. ती थेट कातडीला लागणार असेल तर अ‍ॅलर्जीचा विचार आताच करा.

## टप्पा ८: कारखान्यात, पण साचा न बनवता

स्टीलचा साचा या टप्प्यावर बनवायचा नाही. सिलिकॉनचा साचा, थ्रीडी प्रिंट, फार तर अ‍ॅल्युमिनिअमचा मऊ साचा. दहा नग पुरेत.

रंग प्लास्टिकमध्येच मिसळायचा ठरला, तर मोल्डरकडे, म्हणजे साच्यातून प्लास्टिकचे नग काढणाऱ्याकडे, स्वतः जाऊन उभं राहा. वसईच्या एका मोल्डरनं आमच्यासाठी रंग घातला, पहिले वीस नग सुरेख निघाले, आणि मशीन गरम ठेवून मंडळी चहाला गेली. पॉलिप्रॉपिलिन २०० अंशांच्या वर वितळवतात. तेवढ्या वेळात बॅरलमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळतं त्या नळीत, रंग शिजला. चहानंतरचे सगळे नग मळकट, तापवले तरी ढिम्म. मोल्डरची काही चूक नव्हती. रोजच्या रंगांना हे चालतं. मीच सांगितलं नव्हतं. आता मी ऑर्डरच्या कागदावर तीन ओळी लिहून देतो: बॅरलचं कमाल तापमान, माल आत राहायचा कमाल वेळ, आणि मशीन थांबलं तर बॅरल रिकामं करायचं. तेच तोंडीही सांगतो, कारण कागद ऑफिसात राहतो आणि मशीनवर दुसराच माणूस असतो.

तपासा: पहिला, मधला आणि शेवटचा नग वेगळा काढून पातेल्याची चाचणी करा. तिघांचे आकडे जुळले तरच पुढं.

## टप्पा ९: घरांमध्ये द्या आणि भांडी घासणाऱ्याला विचारा

दहा नग दहा घरांत. शक्य असेल तर मे आणि जुलै दोन्ही त्यात यावेत. हे जमलं नाही, तर निदान टप्पा ५चे मिठाचे डबे पावसाळ्याच्या जागी धरा आणि अहवालात तसं स्पष्ट लिहा.

डिझायनर डबा वापरणाऱ्याची मुलाखत घेतो. खरी माहिती डबा घासणाऱ्या मावशींकडे असते. तारेची घासणी वापरतात की काथ्या, साबणाचं पाणी खाचेत राहतं का, पट्टी सुटली तर काय करतात. आमची पट्टी एका घरात पहिल्याच आठवड्यात गेली. "स्टिकर चिकट राहिलेला होता, काढून टाकला," मावशींनी सांगितलं. बरोबरच केलं त्यांनी. ती स्टिकरसारखीच दिसत होती. दुसऱ्या फेरीत पट्टीच्या कडा खाचेत दबल्या.

आठवड्यातून एकदा प्रत्येक पट्टीचा फोटो मागवा. सगळ्यांना सारखं पांढरं कार्ड द्या आणि ते फोटोत ठेवायला सांगा, नाहीतर ट्यूबलाइटचा निळेपणा तुम्ही रंगाचा फिकेपणा समजाल.

## टप्पा १०: दाखवताना काय बोलायचं, कधी थांबायचं

चाचणी सुरू करण्याआधीच वहीत एक ओळ लिहा: काय झालं तर आम्ही थांबू. उदाहरणार्थ, "दोन बॅचमध्ये रंग जाण्याच्या तापमानात ३ अंशांहून जास्त फरक आला, तर हे मटेरिअल नाही." ओळ आधी लिहिलेली असली की नंतर मोह आवरतो. प्रेमात पडलेला डिझायनर आकडा वाकवतो, मीही वाकवलाय.

क्लायंटपुढे नुसता व्हिडिओ दाखवू नका. व्हिडिओत मटेरिअल नेहमी चालतं. हातात नग द्या, आणि बिघडलेला एखादा नगही द्या. सोंग असेल तर "हे सोंग आहे" असं त्यावर लिहा. एकदा एका बैठकीत सर्व्होवर चालणारं मॉडेल लोकांना खरं वाटलं, मी गप्प बसलो, आणि पुढचे सहा महिने ते वचन निस्तरण्यात गेले.

दुसरी बॅच आली की टप्पा ४पासून पुन्हा. होय, पुन्हा तीन वाटण्या, पुन्हा पातेलं, पुन्हा मिठाचे डबे. यावेळी मात्र आठवड्याभरात उरकतं. उरलेल्या तारा आणि सर्किट ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

आणि वर्ष झालं की पहिल्या दिवशी अंधारात ठेवलेली राखीव वाटणी काढा. तीच पातेल्याची चाचणी करा आणि पहिला आकडा शेजारी लिहा. जुळला, तर घरांतल्या नगांत झालेले बदल वापरामुळे झाले. जुळला नाही, तर मटेरिअल नुसतं पडून राहूनही बदलतंय. ते पान फोटो काढून संशोधकाला त्याच दिवशी पाठवा. वर्षभर डब्यात पडून राहिलेला तुकडा त्यांच्याकडेही बहुधा नसतो.